आडोशातील निवेदक

अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या 'ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका' (१९३५) या पुस्तकाचा आरंभ एका आडोशात होतो. जनावरे जिथे खारट माती चाटावयास येतात त्या जागेच्या कडेला काटक्या आणि फांद्या रचून केलेला हा आडोसा वांडेरोबो शिकाऱ्यांनी उभारलेला आहे. निवेदक आणि त्याचे साथीदार कुडू या मोठ्या हरणाची वाट पाहत त्यात बसले आहेत. इतक्यात दुरून एका मालमोटारीचा आवाज येतो, जवळ येतो, निघून जातो, आणि त्या दिवसाची शिकार संपते. परतताना तीच मोटार वाटेत बंद पडलेली दिसते. तिच्यातील ऑस्ट्रियन माणूस हेमिंग्वे हे नाव एका जर्मन नियतकालिकातील कवितांमुळे ओळखतो आणि शिकारीऐवजी वाङ्मयावर बोलू लागतो. आधुनिक अमेरिकी साहित्याचा उगम मार्क ट्वेनच्या एका कादंबरीत शोधणारे ते पुढे अतिप्रसिद्ध झालेले विधान याच ओघात येते. अमेरिकी समीक्षेने हे विधान असंख्य वेळा उद्धृत केले. मात्र ते विधान एका फसलेल्या लपणीनंतर, हात रिकामे असताना केले गेले आहे, याकडे क्वचितच लक्ष दिले गेले.

या पुस्तकाच्या चारही भागांच्या शीर्षकांत पाठलाग हा शब्द आहे. पाठलाग आणि संभाषण, पाठलागाची आठवण, पाठलाग आणि अपयश, पाठलाग म्हणजेच आनंद, असा त्यांचा साधारण क्रम. तरीही पहिले दृश्य बसून राहण्याचे आहे, ही विसंगती निरर्थक नाही. पाठलागात शिकारी जनावराच्या वाटेने जातो. आडोशात जनावराने शिकाऱ्याच्या वाटेवर यावयाचे असते, आणि ते यावे म्हणून त्याची एखादी गरज आधीच हेरून ठेवलेली असते: पाणी, मीठ, चारा, सवयीची पायवाट. आडोसा त्या गरजेच्या तोंडाशी बांधला जातो. तो वाऱ्याच्या उलट अंगाला असावा लागतो, कारण काटक्यांची भिंत नजर अडवते, गंध अडवीत नाही. आत बसणाऱ्याने हलू नये, खोकू नये, डास मारू नये. म्हणजे न दिसण्याची किंमत शरीराला मोजावी लागते. हेमिंग्वे यांनी प्रस्तावनावजा मजकुरात एक पैज मांडली आहे: एखाद्या प्रदेशाचा आकार आणि एका महिन्याच्या घडामोडींचा आकृतिबंध प्रामाणिकपणे मांडला तर तो कल्पित कृतीची बरोबरी करू शकेल काय? पैज निरीक्षणाच्या सत्यतेवर लावलेली आहे. पण निरीक्षण ज्या जागेवरून सुरू होते ती जागा दुसऱ्याने बांधलेली आहे, आणि तिचे पहिले लक्षण फसवणूक हे आहे. पुस्तकाच्या अखेरीस कुडू मिळतात ते अशा बैठकीतून मिळत नाहीत, नव्या मुलखात पायी शिरल्यावर मिळतात. तेव्हा आनंद म्हणून जो पाठलाग गौरविला जातो त्यामागे आरंभीच्या बसण्याविषयीची नाराजी उभी आहे, असे म्हणावयास जागा आहे.

कथनमीमांसेत निवेदकाच्या अदृश्यतेची चर्चा पुष्कळ झाली आहे. वेन बूथ यांनी १९६१ साली 'कथनाची वक्तृत्वमीमांसा' मांडताना, लेखक आपल्या कृतीतून पूर्णपणे नाहीसा होऊ शकतो या समजुतीला धक्का दिला. पुढे जेरार जनेत यांनी कोण पाहतो आणि कोण बोलतो हे प्रश्न वेगळे केले. या दोन्ही मांडण्यांत एक भेद मात्र अंधुकच राहतो. न दिसणारा निवेदक आणि लपलेला निवेदक हे एक नव्हेत. जो कथेच्या जगात शरीराने उपस्थितच नाही, त्याला पात्रांनी पाहण्याचा प्रश्न उद्भवत नाही. जो उपस्थित आहे, ज्याला पात्रे पाहू शकली असती, पण पाहू नयेत अशी तजवीज ज्याने केली आहे, तो लपलेला. पहिल्याच्या बाबतीत न दिसणे हा कथनाचा संकेत ठरतो. दुसऱ्याच्या बाबतीत ती कृती ठरते. आणि कृती म्हटली की तिचा जाब विचारता येतो.

मराठीत हा भेद पुसून टाकणारे एक क्रियापद समीक्षेच्या नित्य वापरात आहे. लेखकाने ग्रामजीवनातील बारकावे 'टिपले', बोलीचे लकबी-लहेजे 'टिपले', आदिवासी स्त्रीच्या चेहऱ्यावरची रेषा अचूक 'टिपली', असे आपण सर्रास लिहितो. टिपणे म्हणजे नोंदवणे. टिपणे म्हणजे चोचीने दाणा उचलणे. टिपणे म्हणजे शाई शोषून घेणे. आणि टिपणे म्हणजे नेम धरून सावज पाडणे. अचूकतेचे विशेषण या चौथ्या अर्थातून पहिल्यात आले असावे. एखाद्या परीक्षणात 'अचूक टिपले आहे' असे वाचताना कोणी दचकत नाही. दचकावयास हवे, असा आग्रह नाही. परंतु ज्याला टिपले त्याला ते ठाऊक होते काय, एवढा प्रश्न तरी त्या प्रशस्तिपत्रासोबत यावा.

इव्हान तुर्गेनेव्ह यांच्या कथासंग्रहाच्या मूळ रशियन नावाचा सरळ अर्थ 'शिकाऱ्याची टिपणे' असाच होतो. १८४७ पासून 'सॉव्ह्रेमेन्निक' या मासिकात या कथा सुटसुटीत येत गेल्या आणि १८५२ मध्ये पुस्तकरूपाने निघाल्या. तो ग्रंथ मंजूर करणाऱ्या अभ्यवेक्षकाला पुढे नोकरी गमवावी लागली. भूदासांना माणूस म्हणून पाहणारे पहिले महत्त्वाचे रशियन गद्य, अशी या पुस्तकाची ख्याती आहे, आणि १८६१ मधील भूदासमुक्तीशी त्याचे नाते जोडण्याची प्रथाही जुनी आहे. ही ख्याती रास्तच आहे. प्रश्न आहे तो हे पाहणे कसे घडते याचा.

'येर्मोलाय आणि गिरणीवाल्याची बायको' या कथेच्या प्रारंभी तुर्गेनेव्ह वाचकाला वसंतातील एका शिकारपद्धतीची माहिती देतात. सूर्य मावळण्यापूर्वी थोडा वेळ रानाच्या कडेला जावे, एखाद्या झाडापाशी उभे राहावे, हलू नये. अंधारत जाईल तसतसे एकेका पक्ष्याचे आवाज शांत होतात, आणि मग विशिष्ट सूर काढीत तो वनपक्षी डोक्यावरून जातो. उजेडाचे उतरत जाणे, पानांचा वास, पाखरांचे क्रमाने झोपी जाणे, यांचे ते वर्णन सर्वांच्या परिचयाचे आहे. निसर्गवर्णनाचा नमुना म्हणून त्याची प्रशंसा होते. तिथेच थांबल्यामुळे त्याचे कथेतील काम मात्र दुर्लक्षित राहते. कारण त्याच रात्री निवेदक गिरणीजवळ झोपतो, कुजबुजीने त्याला जाग येते, आणि शेकोटीपाशी येर्मोलाय व गिरणीवाल्याची बायको अरीना यांचे हळू आवाजातील बोलणे त्याच्या कानांवर पडते. ही अरीना कोण, तिच्यावर तिच्या जुन्या मालकांनी काय अन्याय केला, हे पुढे उलगडते. संध्याकाळी पक्ष्यासाठी जे उभे राहणे होते, त्याचीच रात्रीची आवृत्ती म्हणजे हे ऐकणे. पहिल्या पानांवरील शिकारशास्त्र कथेला जोडलेले ठिगळ नसून तिच्या कथनाची रीतच तिथे सांगून टाकली आहे.

एकदा हे ध्यानात आले की संग्रहात ही रीत ठिकठिकाणी आढळू लागते. 'कचेरी'मध्ये पावसामुळे निवेदक एका जमीनदारिणीच्या कचेरीत आसरा घेतो, झोपतो, जागा होतो, आणि लाकडी आडभिंतीपलीकडून कारकुनी लबाडीचा सारा व्यवहार ऐकतो. 'बेझिनचे कुरण'मध्ये वाट चुकलेला निवेदक घोडे राखणाऱ्या मुलांच्या शेकोटीपाशी येतो, एका झुडपाखाली आडवा होतो आणि झोपेचे सोंग घेतो. मुले भुताखेतांच्या गोष्टी सांगू लागतात ती त्यानंतर. 'भेट' या कथेत तो बर्चच्या रानात झाडाखाली झोपी गेलेला असतो. जाग येते तेव्हा काही अंतरावर अकुलिना ही शेतकरी मुलगी कोणाची तरी वाट पाहत बसलेली दिसते. मग तो मालकाच्या ऐटीची नक्कल करणारा नोकर येतो, तिने दिलेली फुले हाताळतो, तिला तोडून टाकतो आणि निघून जातो. निवेदक हे सारे जागच्या जागी राहून पाहतो.

चारही ठिकाणी झोप आहे. ही झोप म्हणजे तुर्गेनेव्ह यांच्या निवेदकाचा खरा आडोसा होय. काटक्यांचा आडोसा बांधावा लागतो, म्हणून त्यात हेतू उघडा पडतो. झोप आपोआप येते, आणि झोपलेल्या माणसाने चोरून ऐकले असा आरोप कोण करणार? 'बेझिनचे कुरण'मध्ये मात्र झोप खोटी आहे, हे निवेदक स्वतःच सांगतो. तेवढ्याने इतर तिन्ही झोपांवर संशयाची सावली पडते, आणि ही सावली तुर्गेनेव्ह यांनी पुसलेली नाही याचे श्रेय त्यांना द्यावे लागते.

येथे एक आक्षेप संभवतो. निवेदक जमीनदार वर्गातला, पात्रे भूदास. समोर उभे राहून विचारले असते तर ती बोललीच नसती. मालकापुढे भूदास जे बोलतो ते त्याचे बोलणे नसतेच. तेव्हा लपणे हा सत्याकडे जाण्याचा एकमेव मार्ग होता, त्याला दोष कसा द्यावा? आक्षेप वजनदार आहे. बंदूक खांद्यावर असल्यामुळेच या माणसाला कोणाच्याही रानात, गिरणीत, कचेरीत शिरता येते. शिकार हे त्याचे प्रवेशपत्र आहे. आणि आत गेल्यावर त्याचा वर्ग विसरला जावा म्हणून त्याला दिसेनासे व्हावे लागते. पण या आक्षेपातून निष्पन्न काय होते तेही पाहावयास हवे. ज्या विषमतेविरुद्ध ही कथा उभी आहे, त्याच विषमतेमुळे ती सांगणे शक्य झाले आहे. हे मान्य केल्याने कथा लहान होत नाही. तिची करुणा कोणत्या जमिनीवर उभी आहे ते मात्र कळते.

'भेट'चा शेवट या दृष्टीने संपूर्ण संग्रहातील सर्वांत धाडसी जागा ठरतो. नोकर निघून जातो, अकुलिना उठू पाहते, पडते, आणि निवेदकाला राहवत नाही; तो तिच्याकडे धावतो. त्याला पाहताच ती किंचाळून उठते आणि झाडांत नाहीशी होते. सहानुभूती आडोशाबाहेर आली की तिचे रूप भयाचे होते. तिला दिसला तो दुःखात धावून आलेला माणूस नव्हता, इतका वेळ तिथे असलेला माणूस होता. मागे राहिलेली फुले तो उचलून घरी नेतो आणि ती सुकली तरी जपून ठेवतो. भावविवश रशियन शेवट म्हणून ही फुले बाजूला सारण्याची प्रवृत्ती आहे. परंतु शिकाऱ्याने रानातून घरी आणलेली वस्तू, जपलेली वस्तू, तिला आणखी एक नाव असते, आणि ते नाव उच्चारल्यावाचून कथा ते ऐकू आणते.

भारतीय परंपरेत हा प्रश्न अधिक उघडपणे विचारला गेला आहे. वाल्मीकि रामायणाच्या किष्किंधाकांडात झाडांआडून सुटलेल्या बाणाने वाली पडतो, आणि पडल्यावर तो रामाला जाब विचारतो. त्याच्या युक्तिवादात शिकारीचा मुद्दा तपशिलाने येतो: आपले मांस भक्ष्य नव्हे, आपले कातडे सज्जनांना वापरण्याजोगे नव्हे, मग ही शिकार कशासाठी? रामाच्या उत्तरातील एक भाग त्याच पातळीवर उतरतो. माणसे फास, जाळी यांनी, लपून वा उघडपणे, सावध वा बेसावध प्राण्यांना मारतात, त्यात दोष नाही. आणि वाली वानर आहे. या उत्तराचे समर्थन आणि खंडन या दोहोंचा इतिहास मोठा आहे व तो येथे उगाळण्याचे कारण नाही. वाङ्मयीन दृष्ट्या लक्षणीय आहे ती त्याआधीची घटना. पहिल्या द्वंद्वाच्या वेळी राम बाण सोडीतच नाही, कारण दोघे भाऊ इतके सारखे दिसतात की झाडाआडून वाली कोणता आणि सुग्रीव कोणता हे कळत नाही. दुसऱ्या वेळी सुग्रीवाच्या गळ्यात गजपुष्पीची वेल घालावी लागते. आडोशातून सर्व काही दिसते ही समजूत इथे आदिकवीनेच मोडून काढली आहे. आडोशातून आकार दिसतो; ओळख पटत नाही. ओळखीसाठी कोणीतरी आधी जवळ जाऊन खूण करावी लागते. दशरथाच्या कथेत तर आकारही नाही. रात्री शरयूकाठी, पाण्यावर येणाऱ्या जनावराच्या अपेक्षेने थांबलेला तरुण राजपुत्र घडा भरण्याचा आवाज हत्तीचा समजतो, आणि लोकपरंपरेत श्रावणबाळ म्हणून ओळखला जाणारा तापसकुमार मरतो.

कालिदासाने हाच संकेत शृंगाराकडे वळविला. 'अभिज्ञानशाकुन्तला'च्या पहिल्या अंकात हरणाचा पाठलाग तपस्व्यांच्या शब्दाखातर थांबतो, राजा धनुष्य आणि अलंकार सारथ्याच्या हाती देऊन आश्रमात शिरतो, आणि लगेच झाडाआड उभा राहून शकुंतलेला व तिच्या सख्यांना न्याहाळू लागतो. मृगया थांबली असे म्हणण्यापेक्षा ती पाठलागातून लपणीत गेली असे म्हणणे अधिक नेमके ठरेल. भुंग्याच्या निमित्ताने तो बाहेर येतो तेव्हाही आपली ओळख दडवितोच. रंगभूमीवर मात्र एक गोष्ट कादंबरीहून वेगळी घडते: प्रेक्षकाला शकुंतला दिसते आणि तिला पाहणारा राजाही दिसतो. आडोसा प्रेक्षकाच्या बाजूने उघडा असतो.

मराठी वाचकाच्या मनात लपणीचे चित्र उभे राहते ते बहुधा जिम कॉर्बेट यांच्या मचाणाचे. 'रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या' (१९४८) या पुस्तकात आडोशाचा सगळा अधिकारक्रमच उलटतो. अधिकृत नोंदीप्रमाणे १२५ माणसे मारणारा हा बिबळ्या स्वतःच उत्तम लपणारा आहे; दारे लावून घरांत कोंडलेली गावे हेच त्याचे पाणवठे आहेत. कॉर्बेट अनेक रात्री पुलाच्या मनोऱ्यावर आणि नंतर गोलाबराईच्या आंब्यावर काढतात, खाली गळ्यात घंटा बांधलेली बकरी असते, आणि १९२६ च्या मे महिन्यातील एका काळोख्या रात्री घंटा वाजते, विजेरी क्षणभर पेटते, गोळी सुटते, विजेरी विझते. उरलेली रात्र शिकारी अंधारात बसून काढतो. नेम लागला की नाही हे त्याला ठाऊक नाही. इतका कमी पाहणारा आणि इतका विश्वासार्ह निवेदक शिकारकथांत विरळा. त्याची विश्वासार्हता नजरेच्या अचूकतेतून येत नाही, आपणही पाहिले जात आहोत या जाणिवेतून येते.

व्यंकटेश माडगूळकर यांनी बंदूक ठेवून दिल्यानंतर जंगलाविषयी जे लिहिले, त्याकडे या बाजूने पुन्हा पाहावे लागेल. 'सत्तांतर' (१९८२) या लघुकादंबरीत वानरांच्या टोळ्यांमधील संघर्ष आहे. पाहणाऱ्या माणसाला कथेत जवळजवळ जागाच नाही. हे लेखन निरीक्षणातून आलेले आहे हे उघड असताना निरीक्षकाची बैठक मात्र कुठेच दाखविलेली नाही. मराठी समीक्षेने याला तटस्थता म्हटले आणि गौरविले. प्राण्यांच्या बाबतीत तो गौरव मान्य करता येईल. वानर कोणापाशी तक्रार नेणार नाहीत. अडचण अशी की हेच विशेषण, त्याच कौतुकाने, खेड्यातील आणि पाड्यावरील माणसांविषयीच्या लेखनालाही लावले गेले. तिथे लेखक कुठे बसला होता, कोणी त्याला ती जागा करून दिली, आणि तो उठून समोर आला असता तर काय झाले असते, हे प्रश्न दलित आत्मकथनांनी, फारसे सैद्धान्तिक शब्द न वापरता, सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून विचारले. ज्यांना टिपले जात होते ते लिहू लागल्यावर आडोशाच्या काटक्या बाहेरून कशा दिसतात याचे वर्णन वाङ्मयात प्रथमच आले.

हेमिंग्वे यांच्याकडे परतणे भाग आहे, कारण पंधरा वर्षांनी त्यांनी पुन्हा एक पुस्तक आडोशातच सुरू केले. 'अक्रॉस द रिव्हर अँड इन्टु द ट्रीज' (१९५०) ही कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा तिची टर उडविली गेली, आणि मधल्या दीर्घ संवादांपुरती ती टर अन्याय्य नव्हती. पण तिची चौकट या चर्चेसाठी मोलाची आहे. व्हेनिसजवळच्या खाजणात, गोठलेल्या पाण्याखाली पुरलेल्या एका ओकच्या पिंपात कर्नल कँटवेल बदकांची वाट पाहत बसतो. बर्फ फोडून त्याला तिथे आणणारा, फसवी बदके पाण्यावर सोडणारा होडीवाला पहिल्यापासून घुम्या आणि रागावलेला आहे. का, ते कळत नाही. कर्नल त्याला उद्धट ठरवून आपल्या आठवणींत शिरतो आणि वाचकही त्याच्यामागे जातो; कादंबरीचा बहुतेक भाग त्या आठवणींनी व्यापलेला आहे. मृत्यू जवळ आलेल्या या सैनिकाची सारी सावधगिरी आकाशाकडे लागलेली आहे. वरून येणाऱ्या बदकांना तो दिसत नाही. होडीवाल्याला तो सकाळपासून दिसतो आहे, आणि त्याच्या अंगावर जुने लष्करी जाकीट आहे. युद्धात दोस्त सैन्यातील मोरोक्कन सैनिकांनी या होडीवाल्याच्या बायकोवर आणि मुलीवर बलात्कार केले होते, हे कर्नलला पुस्तकाच्या शेवटाशी, शिकार आटोपल्यावर, यजमानाकडून कळते.